बोअरच्या पाण्यातले धातू: लॅबमधली मोजणी आणि रिपोर्टवरचं ‘बीडीएल’

रिपोर्टची घडी उलगडत माणूस काउंटरपाशी येतो. “साहेब, शिसं ‘बीडीएल’ आलंय. म्हंजे पाण्यात नाहीच ना?” पाणी तपासणीच्या लॅबमध्ये दोन-चार वर्षं काढलेल्या प्रत्येकानं हा प्रश्न ऐकलेला असतो. खरं उत्तर असं की, असेलही. आमच्या मशीनला खात्रीनं दिसेल एवढं नाही. हे ऐकून समोरचा आणखीच काळजीत पडतो, म्हणून बरेच जण नुसतं “हो, ठीक आहे” म्हणून मोकळे होतात. ‘बीडीएल’ म्हणजे ‘बिलो डिटेक्शन लिमिट’, मशीनची नजर जिथवर पोचते त्याच्या खाली. ती नजर किती खोल पोचली हे कळल्याशिवाय त्या तीन अक्षरांवरून काही ठरवता येत नाही, आणि नेमकं तेवढंच काही रिपोर्टांवर छापायचं राहून गेलेलं असतं.

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५००. त्यात शिसं आणि आर्सेनिक यांची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियमची ०.००३, पाऱ्याची ०.००१. असे आकडे वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही. उन्हाळ्यात गावात येतो तो १०,००० लिटरचा टँकर घ्या. त्यात सगळं मिळून ०.१ ग्रॅम आर्सेनिक असलं की मर्यादा गाठली. म्हणजे चिमूटभर मीठ घेतो त्याच्याहूनही कमी. पाऱ्याला तर त्याचा दहावा हिस्सा पुरतो. हे लॅबला शोधायचं असतं, आणि तेही टँकरभर पाण्यात नाही, अर्ध्या लिटरच्या बाटलीत.

ती बाटली भरायची कशी, इथूनच गोंधळ सुरू होतो. बोअरच्या केसिंगमध्ये रात्रभर उभं राहिलेलं पाणी हे खडकातलं पाणी राहिलेलं नसतं. त्याला हवा लागलेली असते, लोखंडाचा संसर्ग झालेला असतो. हापशाचं तर विचारूच नका. त्याचे उभे पाइप जस्ताचा मुलामा दिलेले असतात. सकाळी पहिला दांडा मारून बाटली भरली तर रिपोर्टात जे जस्त येतं, ते जमिनीतलं कमी आणि पाइपातलं जास्त. म्हणून बोअरमध्ये जेवढं पाणी उभं आहे त्याच्या साधारण तिप्पट उपसायचं आणि मग नमुना घ्यायचा, असा रिवाज आहे. सहा इंची बोअरमध्ये ४० मीटर पाणी उभं असेल तर ते ७०० लिटरच्या आसपास भरतं. तिप्पट म्हणजे २,१०० लिटर. सेकंदाला एक लिटर देणारी मोटर असेल तर ३५ मिनिटं चालवायला हवी. नीट काम करणारा माणूस मधेमधे पाण्याचं तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता बघतो. तीन वेळा आकडे तेच आले की पाणी आता खडकातून येतंय असं समजायचं. शेतकऱ्याची मोटर सकाळपासून सुरूच असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो.

बाटली म्हणून लोक काय काय आणतात! कोल्ड्रिंकची बाटली, लोणच्याची बरणी, एकदा तर चक्क दुधाची ॲल्युमिनियमची किटली. धातूंच्या तपासणीला लागते ती जाड पांढऱ्या प्लास्टिकची, नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवून शुद्ध पाण्यानं धुतलेली बाटली. काचेच्या आतल्या अंगाला काही धातू चिकटून बसतात, म्हणून इथे प्लास्टिक बरं. पाऱ्यासाठी मात्र बाटलीही वेगळी आणि घालायचं रसायनही वेगळं, कारण पारा निसटण्यात पटाईत. जिथे नमुने घ्यायचे आहेत तिथे बाटल्या लॅबकडूनच न्याव्यात.

आता खरी गंमत लोहाची. कोकणात जांभ्याच्या पट्ट्यात हे अनेकांनी घरी पाहिलेलं असेल. बोअरचं पाणी कळशीत घेतलं तेव्हा काचेसारखं स्वच्छ होतं. तासाभरात त्याला चहाच्या पहिल्या उकळीसारखी पिवळट छटा येते, आणि सकाळी बघावं तर तळाला गंजाच्या रंगाचा गाळ. जमिनीखाली हवा नसते, तिथे लोह विरघळलेल्या रूपात सुखानं राहतं. वर आलं, हवा लागली की त्याचं रूप बदलतं आणि ते खाली बसतं. हे सगळं कुरिअरच्या पिशवीतही घडतं. बसताना तो लोहाचा गाळ एकटा बसत नाही. पाण्यातलं आर्सेनिक स्वतःला चिकटवून घेऊन बसतो. बाटली दोन दिवसांनी लॅबमध्ये पोचली आणि कुणी वरचं निवळ पाणी ओतून तपासलं, तर लोह कमी, आर्सेनिकही कमी. मशीन चोख, काम करणारा चोख, आणि आकडा चूक.

यावर उपाय साधा आहे, पण तो बोअरपाशीच करावा लागतो. बाटली भरल्या भरल्या त्यात शुद्ध नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली न्यायचा. लिटरला साधारण दीड-दोन मिलिलिटर पुरतं. पण पाणी खारं-अल्कधर्मी असेल तर ॲसिड घालताच बारीक फसफस होते, सोड्याच्या बाटलीसारखी, आणि पीएच पट्टी लाल व्हायचं नाव घेत नाही. मग आणखी घालावं लागतं. मोजून दोन मिलिलिटर घातलं आणि झालं, असं करणारा इथेच फसतो. एकदा पीएच उतरला की बहुतेक धातू सहा महिने विरघळलेले राहतात. जागेवर ॲसिड घालणं जमलं नाही तर लॅबमध्ये पोचल्यावर त्याच बाटलीत घालतात आणि नमुना निदान १६ तास तसाच ठेवतात, म्हणजे बसलेलं पुन्हा विरघळतं. ‘बाटली आज दिली, रिपोर्ट उद्या का नाही?’ याचं एक कारण हे.

ॲसिडच्या आधी पाणी गाळायचं की नाही, यावर जाणकारांतही वाद होतात. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून आलेला आकडा ‘विरघळलेला’ धातू सांगतो. न गाळता सगळं ॲसिडमध्ये उकळून काढलेला आकडा ‘एकूण’ धातू सांगतो. भूजलशास्त्रज्ञाला पहिला हवा असतो, कारण खडकातून काय वाहतंय हे त्याला शोधायचं असतं. माझं मत विचाराल तर प्यायच्या पाण्याला दुसराच. आपण पाणी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून पीत नाही. दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत म्हणून भांडण होतं तेव्हा कित्येकदा एकीनं गाळलेलं असतं आणि दुसरीनं नाही, एवढंच निघतं.

आणि या सगळ्या प्रवासात एक बाटली अशीही असावी लागते जिच्यात बोअरचं पाणीच नाही. लॅबमधलं शुद्ध पाणी तिच्यात भरून ती शेतावर न्यायची, तिथे उघडायची, तेच ॲसिड तिच्यात घालायचं आणि परत आणायची. हा ‘फील्ड ब्लँक’. त्यात जस्त सापडलं तर ते बोअरचं नव्हे. ते हातमोज्यांच्या पावडरचं, ॲसिडचं किंवा गाडीतल्या धुळीचं. ब्लँकचा खर्च वाचवणारी लॅब स्वस्त पडते खरी.

आता मशीनकडे येऊ. गॅसवर वरण उतू गेलं की निळी ज्योत क्षणभर पिवळीजर्द होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. तापलेला प्रत्येक धातू आपापल्या ठरावीक रंगाचा प्रकाश देतो, आणि तोच रंग समोरून आला तर गिळतोही. धातू मोजायच्या बहुतेक पद्धती या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

गिळणाऱ्या बाजूनं काम करतं ते ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन, लॅबच्या भाषेत ‘एएएस’. ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये ही पद्धत मांडली. हवा आणि ॲसिटिलीन यांची दहा सेंटिमीटर लांबीची सपाट ज्योत, तिच्यात पाण्याचा फवारा, एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या बाजूला प्रकाश मोजणारा डोळा. युक्ती दिव्यात आहे. शिसं मोजायचं तर दिवाही शिशाचाच, म्हणजे तो जो प्रकाश देतो तो फक्त शिशाचे अणू गिळणार. किती प्रकाश कमी पोचला त्यावरून शिसं किती ते कळतं. धातू बदलला की दिवा बदला. लोह, मँगनीज, जस्त, तांबं यांना ही पद्धत उत्तम आणि स्वस्त. पण शिशाचं ०.०१ किंवा कॅडमियमचं ०.००३ साध्या ज्योतीला विश्वासानं दिसत नाही. अणू ज्योतीत टिकतात क्षणाचाही छोटा तुकडा, तेवढ्यात वर उडून जातात. त्यावर तोडगा म्हणजे ज्योतीऐवजी ग्रॅफाइटची बोटाच्या पेराएवढी नळी. तिच्यात पाण्याचा एक थेंब, २० मायक्रोलिटर, सोडायचा. आधी वाळवायचा, मग त्यातला कचरा जाळायचा, मग नळी एकदम दोन हजार अंशांच्या आसपास तापवायची. सगळे अणू बंद नळीत एकदम सुटतात आणि काही काळ तिथेच घुटमळतात. नजर शंभरेक पटींनी खोल जाते. मात्र एका वाचनाला दोन-तीन मिनिटं, आणि एका वेळी एकच धातू.

म्हणून मोठ्या लॅब ‘आयसीपी’कडे वळल्या. इथे ज्योतीच्या जागी आर्गॉन वायूचा प्लाझ्मा असतो. क्वार्ट्‌झच्या नळीभोवती तांब्याचं वेटोळं, त्यातून रेडिओ लहरी, एक ठिणगी, आणि नळीच्या तोंडाशी डोळे दिपवणारा पांढरा गोळा उभा राहतो. तापमान सहा ते दहा हजार केल्विन. त्यात पाणी फवारलं की सगळेच धातू एकदम आपापले रंग फेकतात आणि मशीन ते वेगवेगळे वाचतं. ही ‘आयसीपी-ओईएस’. एका मिनिटात वीस-पंचवीस धातू. पण हा गोळा आर्गॉन पितो मिनिटाला १५ ते २० लिटर. सात हजार लिटर वायूचं सिलिंडर सहा-सात तासांत रिकामं. एकट्या तुमच्या बाटलीसाठी लॅब प्लाझ्मा पेटवत नाही, आणखी तीस-चाळीस नमुने जमेपर्यंत थांबते. रिपोर्ट उशिरा येण्याचं दुसरं कारण हे.

‘आयसीपी-एमएस’ त्याच्या पुढची पायरी. ती रंग बघत नाही. प्लाझ्मात विद्युतभारित झालेले अणू ती पोकळीत ओढून घेते, वजनानुसार चाळते आणि एकेक करून मोजते. शिसं २०८ वर, कॅडमियम १११ वर, आर्सेनिक ७५ वर. लिटरला मायक्रोग्रॅमच्या खूप खाली ती सहज जाते. हे ऐकून वाटतं, मग प्रश्नच मिटला.

पण इथे आपल्याकडच्या एका पट्ट्याचं पाणी आडवं येतं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा. तिथलं भूजल इतकं खारं की कित्येक विहिरींचं पाणी पिकालाही चालत नाही. समजा, दर्यापूर तालुक्यातल्या एका बोअरचं पाणी आयसीपी-एमएसवर लावलं. पाण्यात क्लोराइड भरपूर. प्लाझ्मा आर्गॉनचा. आर्गॉनचं वजन ४०, क्लोरिनचं ३५. प्लाझ्माच्या शेपटाशी दोघं हातात हात घालतात आणि बेरीज होते ७५. आर्सेनिकचं वजनही ७५, आणि त्याचं दुसरं कुठलं स्थिर रूपच निसर्गात नाही, म्हणजे शेजारच्या आकड्यावर जाऊन खात्री करून घ्यायचीही सोय नाही. मशीन ७५ वर जे येईल ते मोजतं. ज्या पाण्यात आर्सेनिकचा पत्ता नाही त्यातही ते आर्सेनिक दाखवू शकतं, केवळ पाणी खारं आहे म्हणून.

चांगली लॅब यासाठी मधे एक छोटी खोली ठेवते, तिच्यात हेलियम वायू. एसटी स्टँडच्या गर्दीतून मोकळ्या हातांचा माणूस वाट काढून पुढे जातो. दोन्ही हातांत पिशव्या असलेला धक्के खात खात मागे पडतो. आर्सेनिकचा एकटा अणू आटोपशीर, आर्गॉन-क्लोरिनची जोडी पसरट. हेलियमचे जास्त धक्के जोडीला बसतात, तिची ऊर्जा संपते आणि पुढच्या उंबरठ्यावर ती अडते. एकच वजन असलेले दोघं असे आकारावरून वेगळे होतात. खाऱ्या पाण्यातल्या आर्सेनिकचा रिपोर्ट हातात आला तर ‘हेलियम मोडवर घेतलं होतं का?’ हा प्रश्न जरूर विचारावा. लॅबवाला चपापेल, पण उत्तर देईल.

खारेपणाची दुसरी अडचण जास्त गुपचूप काम करते. आयसीपी-एमएसला लिटरला दोन हजार मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्षार असलेलं पाणी सरळ दिलं तर आतल्या सुईच्या टोकाएवढ्या भोकावर मीठ साठायला लागतं. मग नमुन्यात शुद्ध पाणी घालून तो दहापट पातळ करतात. यात गैर काही नाही. फक्त धातूही दहापट पातळ झाला, म्हणजे मशीनची नजर दहापट उथळ झाली. आधी ०.००१ मिलिग्रॅमपर्यंत खात्रीनं मोजणारी पद्धत आता ०.०१ पर्यंतच मोजणार, नेमकी मर्यादेवर. ओईएसवर हेच केलं आणि मूळ क्षमता ०.००५ असली, तर पातळ केल्यावर ती ०.०५. आता या रिपोर्टवर आर्सेनिकसमोर ‘बीडीएल’ छापलं, तर पाण्यात मर्यादेच्या चौपट आर्सेनिक असूनही ते छापलं जाऊ शकतं. कुणी खोटं बोललेलं नाही, तरी वाचणारा फसला.

अशा पाण्याला माझी पसंती जुन्या हायड्राइड पद्धतीला. नमुन्यात ॲसिड आणि सोडियम बोरोहायड्राइड घातलं की आर्सेनिक वायू होऊन वर येतं आणि मीठ खाली पाण्यातच राहतं. तो वायू मशीनमध्ये न्यायचा. विषप्रयोगाच्या खटल्यांसाठी जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये केलेल्या चाचणीचं हे नातवंड म्हणायचं. एवढीच काळजी घ्यायची की पोटॅशियम आयोडाइड घालून आर्सेनिक आधी योग्य रूपात आणायचं, नाहीतर वायू कमी होतो आणि आकडा खोटा खाली येतो. पाऱ्याचंही असंच: त्याला वायू व्हायला ज्योतही लागत नाही, थंड वाफच मोजतात.

क्रोमियमचा नियम मात्र सगळ्यांच्या उलट. त्याचं सहा-भारी रूप विषारी, तीन-भारी त्यामानानं निरुपद्रवी. नेहमीसारखं ॲसिड घातलं की एकाचं दुसऱ्यात रूपांतर व्हायला लागतं. म्हणून त्याची बाटली वेगळी, ॲसिड न घातलेली, बर्फात ठेवलेली आणि २४ तासांच्या आत तपासायची. डायफेनिलकार्बाझाइड घातल्यावर येणारा गुलाबी-जांभळा रंग त्याची मात्रा सांगतो.

गावपातळीवर मिळणाऱ्या तपासणी किटमध्येही रंगच बघायचे असतात. पीएच, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, फ्लोराइड यांना ते किट कामाचं आहे. धातूंपैकी त्यात बहुधा एकटं लोह असतं. किटवर सगळं ‘ठीक’ आलं म्हणून शिसं, कॅडमियम नाही असं कुणी सांगत असेल, तर त्यानं ते तपासलेलंच नाही.

आता ‘बीडीएल’कडे परत. ही मर्यादा लॅब हवेतून काढत नाही. अगदी थोडा धातू मुद्दाम घातलेले सात नमुने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळ्या क्रिया करून मोजतात. सातही आकडे तंतोतंत सारखे कधीच येत नाहीत. त्यांच्यातलं विचलन काढून त्याला ३.१४ नं गुणलं की ‘आहे’ म्हणण्याची मर्यादा येते. ‘इतकं आहे’ असा आकडा छातीठोकपणे सांगायला साधारण त्याच्या तिप्पट लागतं. ती मोजणीची मर्यादा, ‘एलओक्यू’. धुक्यात समोर कुणीतरी उभं आहे हे कळणं आणि तो कोण आहे हे ओळखणं, एवढा फरक. रिपोर्टवर ‘बीडीएल’च्या शेजारी कंसात ‘एलओक्यू ०.००२’ असं काही छापलेलं असेल तर तो आकडा मानकातल्या मर्यादेपेक्षा बराच खाली आहे ना, एवढं बघायचं. काहीच छापलेलं नसेल तर फोन करून विचारायचं. ‘बीडीएल’ला शून्य धरून पाच वर्षांची सरासरी काढलेली मी पाहिली आहे. सुंदर आलेख होता.

एकक बघायलाही विसरू नका. एका लॅबचं ‘८’ हे लिटरला मायक्रोग्रॅममध्ये असतं, दुसरीचं ‘०.००८’ मिलिग्रॅममध्ये, दोन्ही एकच. आणि एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचा, शिक्का म्हणजे लॅबच्या सगळ्या कामावर शिक्का नव्हे. मान्यता मिळते ती ठरावीक घटक, ठरावीक पद्धत आणि ठरावीक टप्प्यासाठी. ती यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. लोहासाठी मान्यता असलेली लॅब पाऱ्याचाही रिपोर्ट देऊ शकते, फक्त त्या ओळीला ती मान्यता लागू नसते.

राहिला अर्ज, जो आपण काउंटरवर घाईघाईत भरतो. १९९२ मध्ये ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेनं बांगलादेशात सुमारे दीडशे विहिरींचं पाणी तपासलं. कितीतरी घटक मोजले, काळजीनं मोजले. आर्सेनिक मोजलं नाही, कारण त्या कामाच्या यादीत ते नव्हतं. पुढच्याच वर्षी तिथल्या भूजलात आर्सेनिक सापडलं, आणि लाखो लोक ते पाणी वर्षानुवर्षं पीत आल्याचं नंतर कळलं. गावकऱ्यांच्या वतीनं दावा लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला.

आपल्याकडच्या लॅबच्या अर्जावर ‘जनरल पॅरामीटर’ अशी एक चौकट असते. तिच्यावर खूण केली की धातूंपैकी फार तर लोह येतं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा, क्रोमियम हवे असतील तर नावं घालून लिहावे लागतात, आणि त्यांच्या बाटल्या पाणी भरायला निघण्याच्या आदल्या दिवशीच लॅबमधून आणाव्या लागतात.